चूल, खोली आणि खिडकी : छत्तीसगढच्या परिसरातील घराचे लेखन

१

मराठी समीक्षेत ‘कौटुंबिक’ हे विशेषण बराच काळ किंचित उणेपणाच्या छटेने वापरले गेले. कौटुंबिक कादंबरी म्हणजे नात्यागोत्यांच्या गुंत्यात रमणारी, वाचकाला डोळे पुसायला लावणारी आणि शेवटी सर्वांना एका पंगतीत बसवणारी रचना, असा समज रूढ झाला. याउलट कुटुंबाविषयीच्या ज्या कृतींना वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली, त्या बहुधा कुटुंबाच्या मोडण्याच्या कृती आहेत. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) हे याचे ठळक उदाहरण. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतरचे दिवस घडतात. अंगणात ट्रॅक्टर गंजत पडलेला असतो आणि घरातले सोने हा सर्वांच्या मनातला न बोललेला विषय असतो. नाटकाची थोरवी निर्विवाद आहे. परंतु त्या वाड्यात तेरा दिवस रांधले कोणी, पाहुण्यांच्या पंक्ती उठल्यावर उष्टी कोणी काढली, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारला. एलकुंचवारांनी वहिनीच्या रूपाने त्याचे उत्तर नाटकातच ठेवले आहे. समीक्षा मात्र ऱ्हासाच्या आशयसूत्रामागे गेली.

मोडणाऱ्या घराची समीक्षा आपल्याकडे विपुल आहे, चालणाऱ्या घराची नाही. सकाळी पाणी भरणे, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराणा आणणे, भाडे देणे, पावसाळ्यात गळणाऱ्या जागी भांडे ठेवणे या गोष्टी कथनात पार्श्वभूमी म्हणून येतात आणि वाचक त्या ओलांडून पुढे जातो. हे रोजचे घरच आशय होऊ शकते काय, आणि झाले तर त्याच्या यशापयशाची कसोटी कोणती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी मुद्दाम मराठीच्या मध्यभूमीपासून दूर, रायपूर-राजनांदगाव या पट्ट्याशी संबंध असलेले काही लेखन निवडले आहे.

२

ही निवड लहरीने केलेली नाही. छत्तीसगढचा मराठीशी संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरास राहून या प्रांताचा कारभार पाहत होते. पुढे १८६१ साली मध्यप्रांत अस्तित्वात आला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगढ मध्य प्रदेशात राहिला, आणि २००० साली त्याचे स्वतंत्र राज्य झाले. जवळजवळ शतकभर एकाच राजधानीखाली नांदलेल्या या दोन प्रदेशांत कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेचे नोकर अशी मराठी माणसे आली आणि स्थिरावली. कचेरीत व बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी, घरात मराठी, अशी त्यांच्या जगण्याची वाटणी झाली.

रायपूर स्थानकापासून रेल्वेमार्ग ओलांडला की गुढियारी लागते. ही घाऊक बाजाराची वस्ती. येथे धान्य पोत्यांनी उतरते आणि शहराच्या घराघरांत किलोकिलोने पोहोचते. अशा वस्तीत घराचा विचार भावनेपासून सुरू होत नाही, तांदळाच्या भावापासून होतो. किती माणसे, किती दिवस, किती पैसे या तीन आकड्यांवर संसार उभा असतो. घराविषयीच्या साहित्याने हे तीन आकडे विसरले, तर ते कितीही हृद्य असले तरी अर्धेच राहते. पुढील कृतींकडे पाहताना ही बाजारपेठेची जाणीव मनाशी ठेवणे उपयोगाचे ठरेल.

३

माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा १९०१ साली ‘छत्तीसगढ मित्र’ या त्यांच्याच मासिकात प्रसिद्ध झाली. सप्रे मराठी घरातले. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले, रायपुरात त्यांनी आयुष्याचा मोठा काळ घालविला आणि तेथेच त्यांचे निधन झाले. हिंदी साहित्याच्या इतिहासात ही कथा पहिल्या मौलिक कथांपैकी एक म्हणून नोंदली जाते. तो वाद येथे प्रस्तुत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते कथेतले घर.

कथा लहान आहे. जमीनदाराच्या महालाशेजारी एका विधवेची झोपडी असते. अहाता वाढविण्यासाठी जमीनदार न्यायालयाच्या मार्गाने ती बळकावतो. विधवेची लहान नात आपल्या घराखेरीज जेवणार नाही असा हट्ट धरते. म्हातारी जमीनदाराकडे येते आणि झोपडीतली एक टोपली माती मागते. त्या मातीची चूल करून तिच्यावर भाकरी भाजली तर पोर जेवेल, अशी तिची आशा आहे. टोपली उचलू लागण्याची विनंती ती जमीनदारालाच करते. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचा भार पेलवत नाही, तर सबंध जमिनीचा भार जन्मभर कसा पेलवेल, एवढेच ती विचारते. जमीनदाराला पश्चात्ताप होतो आणि तो झोपडी परत करतो.

या कथेचा शेवट बोधकथेचा आहे, आणि आधुनिक वाचकाला तो सोपा वाटेल. जमीनदाराचे मतपरिवर्तन ही कथनाची सोय आहे, तो समाजाचा अनुभव म्हणता येणार नाही. परंतु बोधापाशी थांबून कथेचा हिशेब पुरा करता येत नाही. घर म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर सप्रे भिंती, छप्पर किंवा वंशपरंपरा यांत शोधत नाहीत. ते चुलीत शोधतात. झोपडीची मालकी न्यायालय ठरवू शकते, पण जेवणाची जागा पोर ठरवते. मालमत्ता म्हणून घर आणि शिजविण्याची जागा म्हणून घर असे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे राहतात, आणि कथेचे नाट्य त्यांतून जन्मते. टोपलीचे वजन हे उपदेशाचे साधन होण्याआधी म्हातारीच्या रोजच्या कामाचे वजन आहे. जमीनदाराने आयुष्यात कधी टोपली उचललेली नाही, ही साधी गोष्ट कथेने फार शांतपणे सांगितली आहे.

४

सप्रे यांची विधवा स्वतः लिहीत नाही. तिच्याविषयी लिहिले जाते. जिच्या हाती चूल आहे तिनेच घर सांगितले तर काय घडते, याचे मराठीतले अजोड उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) हे आहे. आणि त्याचा एक महत्त्वाचा भाग याच पट्ट्यात, राजनांदगाव संस्थानात घडतो. १८९० नंतरच्या काही वर्षांत नारायण वामन टिळक तेथे नोकरीस होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना बायबल दिले, ही घटना सर्वश्रुत आहे. टिळकांनी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

टिळकांच्या चरित्रकाराच्या दृष्टीने राजनांदगाव हे एका आध्यात्मिक प्रवासातले स्थानक आहे. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने तो आणखी एक संसार आहे : परका मुलूख, परकी भाषा, पुन्हा मांडलेली भांडी, आणि कोणत्या क्षणी काय करील याचा नेम नसलेला कवी नवरा. एकाच काळाची ही दोन वाचने मराठी साहित्याला एकाच घरातून मिळाली, हे आपले भाग्य होय. पुरुषाच्या आयुष्यातली मोठी घटना स्त्रीच्या आयुष्यात घरखर्चाची, वेगळे राहण्याची, मुलाला कोठे वाढवायचे याची घटना होऊन येते. धर्मांतराचा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’त पाणी, सोवळे, ताट आणि स्वयंपाकघराचा उंबरा यांच्या पातळीवर उतरतो आणि म्हणूनच खरा होतो. कोणत्याही धार्मिक वादग्रंथाने त्या काळच्या मराठी घराचा इतका तपशील दिलेला नाही.

लक्ष्मीबाईंच्या विनोदाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो विनोद स्वभावाचा गुण म्हणून वाखाणला जातो. माझ्या मते तो दृष्टिकोनाचा गुण आहे. माहेरच्या वडिलांचे पराकोटीचे सोवळे, धुण्याच्या पलीकडच्या वस्तूही धुऊन घेण्याचा त्यांचा अट्टहास, हे सांगताना त्या रागावत नाहीत. तो अट्टहास रोज पार पाडताना घरातल्या बायकांना किती पाणी ओढावे लागले असेल, हे त्यांना ठाऊक असते आणि वाचकालाही ते न सांगता कळते. विनोद श्रमाला झाकत नाही. श्रम मोजून झाल्यावर तो येतो. घराविषयीच्या लेखनात हसू केव्हा येते, मोजण्याआधी की मोजून झाल्यावर, ही मोठी परीक्षा आहे.

५

येथे एक अडचणीचा प्रश्न समोर येतो. ज्यांच्या घरात मराठी होती आणि ज्यांनी लिहिण्यासाठी हिंदी घेतली, त्यांच्या लेखनात घराचे काय झाले? गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) यांचा विचार केल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. मराठी कुटुंबात जन्मलेले मुक्तिबोध १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी तेथे काढली. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत लिहिले. ‘क्षिप्रा’ (१९५४), ‘सरहद्द’ (१९६२) आणि ‘जन हे वोळतु जेथे’ (१९६९) या कादंबऱ्यांतून बिशू या नायकाच्या निमित्ताने त्यांनी मध्यमवर्गीय घरातल्या तरुणाची घडण रेखाटली. एका घरातले दोन भाऊ दोन भाषांचे लेखक झाले.

गजानन मुक्तिबोधांच्या कथा-कवितांत घर आहे, पण राहते घर फार थोडे आहे. तळघर, पडकी विहीर, चक्राकार जिना, ओसाड वाडा अशा वास्तुरूपांनी त्यांचे विश्व भरलेले आहे. राजनांदगावच्या जुन्या राजवास्तूत, तळ्यांच्या सान्निध्यात ते राहत होते, हे लक्षात घेतले की या प्रतिमांचे मूळ सापडते. परंतु त्या वास्तूत त्यांचा संसारही होता : पत्नी, मुले, अपुरा पगार, उसनवारी. त्यांच्या गद्यकथांत ही ओढग्रस्त गृहस्थी अधूनमधून डोकावते आणि लगेच अपराधभावाच्या, आत्मपरीक्षणाच्या अंधारात शिरते. घरातला अभाव त्यांच्याकडे विचाराचे निमित्त होतो. अभावाचा दैनंदिन व्यवहार, म्हणजे कोणती वस्तू आज आणायची आणि कोणती पुढे ढकलायची हा निर्णय, कथेच्या मध्यभागी क्वचितच येतो.

याचे सोपे स्पष्टीकरण भाषेचे आहे. घरातल्या वस्तू, नाती आणि लाडाची संबोधने मराठीत, लिहिणे हिंदीत. त्यामुळे चुलीपाशी बोलली जाणारी भाषा कागदावर येईना आणि घर प्रतीकरूपानेच उरले, असे कोणी म्हणेल. हे स्पष्टीकरण आकर्षक आहे, पण पुरेसे नाही. सप्रे यांचीही घरची भाषा मराठीच होती, आणि चुलीची सर्वांत जिवंत कथा त्यांनी हिंदीत लिहिली. उलट, मराठीत लिहिणाऱ्या कितीतरी लेखकांच्या घरांत चूल दिसत नाही. तेव्हा भेद भाषेत नसून लेखक घरात कोठे उभा आहे यात आहे, असे मानावे लागते. मुक्तिबोधांचा निवेदक घरात रात्री परततो, दिव्याखाली बसतो आणि जगाच्या अन्यायाचा विचार करतो. तो विचार थोर आहे. पण दिवसभर ते घर कोणी चालविले, याचे कथन त्याच्या आवाक्याबाहेर राहते. हा मुक्तिबोधांच्या प्रतिभेवरचा आक्षेप नाही. एका मोठ्या प्रतिभेने काय उजळले आणि काय अंधारात राहिले याची ती नोंद आहे.

६

१९५८ नंतर राजनांदगावला मुक्तिबोधांच्या सहवासात आलेल्या तरुणांमध्ये त्याच गावी १९३७ साली जन्मलेले विनोदकुमार शुक्ल होते. पुढे ते रायपूरला कृषी विश्वविद्यालयात अध्यापक झाले, आणि त्यांची बहुतेक सारी कारकीर्द या शहरात घडली. १९९९ साली साहित्य अकादेमी आणि २०२४ सालासाठीचा ज्ञानपीठ हे सन्मान त्यांना मिळाले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. शुक्ल मराठी लेखक नव्हेत. तरीही रोजच्या घराचा विचार त्यांना वगळून करता येणार नाही. कारण मुक्तिबोधांनी सोडलेली जागा त्यांनीच भरली.

‘नौकर की कमीज़’ (१९७९) या कादंबरीतला संतूबाबू हा कचेरीतला कारकून. साहेबाच्या घरच्या आदर्श नोकरासाठी शिवलेला सदरा त्याच्या अंगावर चढविला जातो. तिकडे त्याची बायको घरमालक डॉक्टरांच्या घरी कामासाठी हळूहळू ओढली जाते. भाड्याचे घर पावसात गळते, आणि मालकाला दुरुस्तीविषयी बोलणे अवघड होत जाते. या तीन गोष्टी शुक्ल एकमेकींशेजारी ठेवतात, त्यांचा अर्थ सांगत नाहीत. नवऱ्याच्या बाबतीत जे अपमानाच्या रूपाने घडते, तेच बायकोच्या बाबतीत मदतीच्या, शेजारधर्माच्या रूपाने घडते. सदरा डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याविरुद्ध बंड करता येते. बायकोला कोणताही सदरा दिलेला नाही, म्हणून तिच्या नोकर होण्याला नावही मिळत नाही. घरकाम घराबाहेर कसे वाहून नेले जाते, आणि भाडेकरूचे नाते स्वयंपाकघरातून कसे वसूल केले जाते, याचे इतके सूक्ष्म चित्रण भारतीय कादंबरीत विरळ आहे.

‘दीवार में एक खिड़की रहती थी’ (१९९७) ही त्यांची अधिक लोकप्रिय कादंबरी. गणिताचा अध्यापक रघुवर प्रसाद आणि त्याची पत्नी सोनसी एका खोलीत राहतात. खोलीच्या भिंतीतल्या खिडकीपलीकडे वाट, तळे, झाडे आणि चहा देणारी म्हातारी अम्मा असे एक निराळेच जग आहे. महाविद्यालयात जायला टेम्पो मिळेना, तेव्हा एका साधूचा हत्ती रघुवरला नेऊ लागतो. आईवडील आणि धाकटा भाऊ राहायला आले की त्या एका खोलीत सर्वांना सामावून घेण्याचे शास्त्रच उभे राहते. या कादंबरीत काहीही मोडत नाही. कोणी घर सोडून जात नाही, कोणाचे रहस्य उघडे पडत नाही. तरीही वाचक शेवटपर्यंत बांधलेला राहतो, आणि मोडण्याशिवाय कथानक होत नाही हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

या कृतीचे कौतुक करताना एक शंका मात्र नोंदविली पाहिजे. सोनसी आपल्याला जवळजवळ सर्वत्र रघुवरच्या प्रेमळ नजरेतून दिसते. तिचे भांडी घासणे, पाणी आणणे, केस विंचरणे ही सारी दृश्ये सुंदर होतात. नवऱ्याच्या डोळ्यांत ती सुंदर आहेत यात शंका नाही. पण करणारीच्या हातात ती कशी आहेत? ‘नौकर की कमीज़’मध्ये जो हिशेब चोख होता, तो येथे कोमलतेने सैल केला आहे. खिडकीपलीकडे दोघेही जातात, परंतु परतल्यावर रांधणारी एकच असते. लक्ष्मीबाईंच्या शेजारी हे पुस्तक ठेवले की फरक जाणवतो. लक्ष्मीबाईंचे हसू श्रम मोजल्यानंतर येते, शुक्लांचे सौंदर्य कधीकधी मोजण्याआधीच येते. म्हणून लोकप्रियता आणि सन्मान दुसऱ्या कादंबरीकडे असले, तरी घराचे सत्य सांगण्यात पहिली कादंबरी अधिक खोल आहे, असे माझे मत आहे.

७

या चार लेखकांना एकत्र वाचल्यावर रोजच्या घराच्या लेखनाची कसोटी स्पष्ट होते. कुटुंबातला संघर्ष किती तीव्र आहे, किंवा परंपरा आणि आधुनिकता यांचा ताण किती आहे, हे निकष अपुरे आहेत. घर चालविणारे काम कथनाला दिसते का, ते कोणाच्या जागेवरून दिसते, आणि त्याचे मोल कोणत्या घटकेला केले जाते, हे प्रश्न विचारावे लागतात. सप्रे यांनी ते काम पाहिले आणि त्याला बोधाची जोड दिली. लक्ष्मीबाईंनी ते स्वतः केले आणि सांगितले. मुक्तिबोधांनी घराच्या अभावातून समाजाचा विचार उभारला, पण काम ओझरते राहिले. शुक्लांनी एकदा ते अचूक मोजले आणि एकदा त्यावर चांदणे पसरले.

ही कसोटी मराठीकडे परत आणली, तर आपल्या मान्य कृतींचे वाचनही बदलेल. ‘वाडा चिरेबंदी’तली वहिनी ही ऱ्हासाची साक्षीदार न राहता वाडा अखेरपर्यंत चालविणारी व्यक्ती म्हणून वाचता येईल, आणि दागिने अंगावर घालून पाहण्याचा तिचा प्रसंग हव्यासाचा न वाटता न मिळालेल्या वेतनाचा वाटेल. स्त्रियांच्या आत्मकथनांकडे आपण साहित्याची दुय्यम शाखा म्हणून पाहतो. त्या वस्तुतः मराठी घराच्या मुख्य नोंदवह्या आहेत, हेही मान्य करावे लागेल.

दुसरा परिणाम नकाशाविषयीचा आहे. मराठी घर महाराष्ट्राच्या सीमेवर संपत नाही. रायपूर, राजनांदगाव, बिलासपूर, जबलपूर, इंदूर येथील घरांत मराठी दीर्घकाळ बोलली गेली, रागात आणि लाडात वापरली गेली, आणि पुष्कळदा पुढच्या पिढीत फक्त पदार्थांच्या आणि नात्यांच्या नावांपुरती उरली. भाषा आटत जाते तेव्हा सर्वांत शेवटी ती स्वयंपाकघरातून जाते. त्या शेवटच्या जागेतली मराठी कशी होती, हे हिंदीत लिहिणाऱ्या मराठी घरांतल्या लेखकांच्या गद्यात शोधणे, आणि तेथील स्त्रियांनी लिहिलेली पत्रे, जमाखर्चाच्या वह्या व आठवणी यांना वाङ्मयीन साधन मानून वाचणे, हे काम साहित्याच्या विद्यार्थ्यांसमोर आहे.

त्यासाठी अभ्यासकाला ग्रंथालयापलीकडेही जावे लागेल. गुढियारीच्या बाजारात उतरलेले पोते एखाद्या घराच्या डब्यात रिते होते, आणि डबा किती दिवस पुरतो यावर त्या घरातली भाषा, भांडणे आणि माया यांचा पोत ठरतो. हा प्रवास ज्याला वाचता येईल, त्यालाच भारतीय घराचे साहित्य वाचता येईल.